हजेरीनंतरची पिढी

सोलापुरातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर पहाटे साडेपाचला गेलं की पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी पळताना दिसतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००, मग गोळाफेक, मग अकॅडमीच्या सरांची शिट्टी. त्यांत सेटलमेंट फ्री कॉलनीतली मुलं असतात, तांड्यावरून आलेली असतात, एखादा पारधी वस्तीवरचाही असतो. ज्या खात्याने यांच्या पणज्या-पणजोबांची हजेरी घेतली, त्याच खात्यात नोकरी लागावी म्हणून ही धाव आहे. मला त्यात उपरोध दिसतो. त्या मुलांना तो दिसत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना पगार दिसतो, वर्दी दिसते, आणि वर्दीवाल्याच्या घरात मध्यरात्री कुणी घुसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

हे पुस्तक त्या मुलांच्या आसपास असणाऱ्यांसाठी आहे. आश्रमशाळेतले शिक्षक, वसतिगृहाचे गृहपाल, भरतीची तयारी करून घेणारे सर, आशाताई, नवखे वकील, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, आणि वस्तीतून जरा आधी शिकून बाहेर पडलेले दादा-ताई. विमुक्त आणि भटक्या जमातींतल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या मुलामुलींचं मन कशाने खचतं आणि कशाने उभं राहतं, एवढाच याचा विषय. प्रस्तावना लिहिताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. या मुलांना धीर देणारे पुष्कळ भेटतात; चौकीपर्यंत सोबत येणारा एखादाच. मुलाची उमेद टिकते ती बहुतेक वेळा त्या एखाद्यामुळे. बाकीचं सगळं त्यानंतरचं आहे.

मनाबद्दल बोलायचं तर आधी कायद्याबद्दल बोलावं लागतं, इथेच या विषयाचं वेगळेपण आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्याचा अंमल पसरला. त्यामागचं गृहीत सरळ होतं: सुताराच्या घरी सुतार जन्मतो, तसा चोराच्या जमातीत चोरच जन्मतो. जमात एकदा 'गुन्हेगार' म्हणून जाहीर झाली की माणसांची नावं रजिस्टरात, बोटांचे ठसे कागदावर, परगावी जायचं तर पास, आणि ठरल्या वेळी हजेरी. त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात जायची वाटही कायद्याने बंद केली होती. मुलांना आईबापांपासून वेगळं काढून औद्योगिक किंवा सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारकडे होता. बाप चोर असेल-नसेल, पोर मात्र संशयित जन्मलेलं.

सोलापूरला सेटलमेंट, म्हणजे अशा 'गुन्हेगार' जमातींना कोंडून ठेवायची वसाहत, वसली त्यात इथल्या गिरण्यांचा मोठा वाटा होता. १८७७ ची जुनी मिल आणि तिच्यामागून उभ्या राहिलेल्या गिरण्यांना हात हवे होते, आणि तारेच्या कुंपणात कोंडलेली माणसं कुठे पळून जाणार? कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी, मांग गारुडी, छप्परबंद अशा जमातींची कुटुंबं इथे आणून ठेवली गेली. भोंग्याला गिरणीत जायचं, सुटल्यावर परत आत, आणि हजेरी. कारभारात अमेरिकन मराठी मिशनचा हात होता. मिशनने चालवलेल्या वसाहतीचं नाव होतं उमेदपूर. नाव ठेवणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. आत शाळा होती, आणि आम्ही दोन अक्षरं शिकलो ती तिथेच, असं सांगणारी म्हातारी माणसं सोलापुरात होती. तारेच्या आत वाढलेले भीमराव जाधव गुरुजी पुढे आयुष्यभर याच लोकांसाठी झटले. म्हणजे सेटलमेंटमध्ये फक्त अंधार होता असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण शाळा आणि हजेरी एकाच अंगणात असली की पोराला दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतात. आजही कितीतरी आश्रमशाळांत सकाळची हजेरी घेताना शिक्षकाचा स्वर थोडा तसाच लागतो. हे त्या शिक्षकाच्या ध्यानीमनीही नसतं, म्हणूनच लिहिलं.

आता सोलापूरकरांसाठी एक तुलना. १२ मे १९३० ला या शहरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि ३० जूनपर्यंत चालला. रस्त्यावर गांधी टोपी दिसली की शिपाई ती काढायला लावत. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा फासावर गेले. त्या चौघांचा चौक आजही शहराच्या मध्यभागी आहे, आणि सोलापूरला त्याचा अभिमान वाटतो तो योग्यच आहे. सात आठवडे रस्त्यावर चालणं, जमणं, टोपी घालणं गुन्हा ठरलं, ते शहर आजही विसरलेलं नाही. त्याच शहराच्या कडेला हजारो माणसं चालण्या-जमण्याचाच गुन्हा वर्षानुवर्षं भोगत होती. त्यांच्यासाठी मात्र चौक झाला नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात चार हुतात्म्यांचं नाटक बसतं तेव्हा सेटलमेंटमधल्या मुलाला त्यात शिपायाचं काम मिळतं की हुतात्म्याचं, हे एकदा बघायला हवं.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून हटला. पंडित नेहरूंनी सोलापूरला येऊन सेटलमेंटची तार तोडली, ही आठवण इथल्या घराघरांत सांगितली जाते. ३१ ऑगस्टला विमुक्त दिन साजरा होतो, मिरवणूक निघते, डीजे लागतो. तार गेली, पण पाठोपाठ 'सराईत गुन्हेगार' कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीऐवजी आता माणसाचं नाव लिहायचं होतं. माणसं तीच, लिहिणारे हातही बरेचसे तेच. गावात चोरी झाली की पहिली जीप कुठल्या वस्तीकडे वळते, हे कुठल्याही तालुक्यातल्या चहावाल्याला विचारा. तो सांगेल, आणि त्याला त्यात वावगं काही वाटणारही नाही.

सतरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात हा इतिहास कसा येतो? तो पुस्तकातून येत नाही. पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही, आणि घरी आजी बोलत नाही. बापाला 'संशयावरून' उचललं, भावावर 'चॅप्टर केस', म्हणजे प्रतिबंधक कारवाई, झाली, मामाच्या पालात रात्री झडती झाली, एवढंच त्याला माहीत असतं. कारण माहीत नसतं. कारण माहीत नसलं की मूल ते स्वतःत शोधतं. आपल्यातच काहीतरी वाईट असणार. सगळेच म्हणतात म्हणजे असणारच. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या काळ्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या आणि चांगली कुठली, वाईट कुठली असं विचारलं. बहुसंख्य काळ्या मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. १९५४ च्या 'ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन' निकालात, गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरवताना, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचाही आधार घेतला. आपल्याकडे असा प्रयोग करायचीही गरज नाही. शाळेत काही हरवलं की वर्गाची मान ज्या बाकाकडे वळते, त्या बाकावरच्या मुलाची मान आधीच खाली गेलेली असते.

अमेरिकेतल्या काळ्या मुलांचा उल्लेख सहज म्हणून केलेला नाही. आपला आणि त्यांचा पत्रव्यवहार जुना आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या निवेदनाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तिकडच्या घरांमध्ये मुलगा वयात आला की आईबाप त्याला समोर बसवून शिकवतात: पोलिसाने थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, आवाज चढवू नको, एकदम हलू नको. आपल्या पारधी वस्तीवरही ही शिकवण आहे, फक्त ती उलटसुलट आहे. एक आई सांगते, गाडी दिसली की पळ. दुसरी सांगते, पळू नको, पळालास तर तूच चोर. दोघींचंही खरं आहे. पोरगं मधल्या मध्ये उभं राहतं.

फरक आहे तो लपता येण्याचा. काळ्या मुलाला कातडी उतरवून ठेवता येत नाही. आपल्याकडे काळे, पवार, भोसले, शिंदे, चव्हाण ही आडनावं पारध्यांतही आहेत आणि मराठ्यांतही. पुण्यात कंपनीत लागलेला मुलगा नुसतं आडनाव सांगून निभावून नेऊ शकतो. मग कुणीतरी गाव विचारतं, गावात कुठे राहता विचारतं, आणि सोलापूरचा एखादा सहकारी निघालाच तर तो पत्त्यावरून ओळखतो. त्या भीतीत महिने, वर्षं जातात. आईचा फोन आला की तो बाहेर जाऊन बोलतो, कारण आई घरच्या बोलीत बोलते. लपण्याचा हा शीण डॉक्टरला सांगताही येत नाही. झोप लागत नाही, छातीत धडधडतं एवढंच तो सांगतो, आणि गोळ्या घेऊन परत येतो. या पुस्तकातलं मला सर्वांत मोलाचं वाटलेलं प्रकरण याच लपण्यावर आहे. ते डॉक्टरांनी आधी वाचावं.

बाहेरचं वारं अलीकडे अधिकच बोचरं झालं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारण्यात आलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, त्यांतले बहुतेक जण आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. मोबाइलवर फिरलेली एक अफवा, एवढंच निमित्त. परकी दिसणारी, फिरती, गरीब माणसं म्हणजे संशयित हे गणित गर्दीच्या डोक्यात आधीपासून बसलेलं होतं. १८७१ च्या कायद्यालाही यापेक्षा वेगळं काही सांगायचं नव्हतं. त्यानंतर मंगळवेढ्याच्या वाड्यांवर भिक्षेला बाहेर पडायचं की नाही, हा प्रश्न घराघरांत आला. ज्या घरांत त्या वेळी दहा-बारा वर्षांची पोरं होती, ती आता अठरा-वीसची झाली आहेत. त्यांच्याशी बोलताना भविष्य, करिअर, ध्येय हे शब्द वापरण्याआधी थोडं थांबावं.

या मुलांपुढे होणारी प्रेरणादायी व्याख्यानं मी ऐकली आहेत. वक्ता बाहेरून येतो, कोट घालून येतो, परिस्थितीवर मात कशी करावी ते सांगतो, आणि टाळ्या घेऊन जातो. मनात आणलं तर काहीही अशक्य नाही, हे ऐकून घरी गेलेल्या मुलाच्या दारात त्याच रात्री जीप उभी राहिली तर? मनात आणूनही त्याला काही करता येत नाही. वर, आपण मनात आणण्यातच कमी पडलो, ही नवी बोच त्याच्या पदरात पडते. या मुलांच्या चिवटपणाचं कौतुकही मला आता नकोसं झालं आहे. इतकं सोसावं का लागतं, ते विचारायचं सोडून सोसण्याला बक्षीस कसलं द्यायचं?

भरतीच्या मैदानावरच्या मुलाकडे परत येऊ, म्हणजे कागदाचं महत्त्व कळेल. त्याने १६०० मीटर वेळेत मारलं, लेखी पास केली, यादीत नाव आलं. आता चारित्र्य पडताळणी. दोन वर्षांपूर्वी गावात मोटर चोरीला गेली तेव्हा वस्तीतल्या चार पोरांबरोबर त्यालाही उचललं होतं. दुसऱ्या दिवशी सोडलं. पण प्रतिबंधक कारवाईची नोंद राहिली. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १५१, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १७०. एका रात्रीच्या त्या नोंदीपायी वर्षभराच्या पहाटा फुकट जाऊ शकतात. त्या रात्री कुणी सोबत गेलं असतं, अटकेची वेळ लिहून घेतली असती, नातेवाइकाला कळवलं का, मुलगा अठराच्या आतला आहे का, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभा केला का, हे विचारलं असतं, तर कदाचित नोंदच झाली नसती. डी. के. बसू खटल्याचा निकाल १९९६ चा आहे. अटकेच्या वेळी पाळायचे नियम त्यात दिले आहेत. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत ठेवता येत नाही, हे बाल न्याय कायद्यात आहे. अटकेतल्या माणसाला फुकट वकील देणं हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कामच आहे. यातलं काहीच गुप्त नाही. फक्त ते ठाऊक असलेला माणूस रात्री अकरा वाजता वस्तीत नसतो. पुस्तकाच्या शेवटी एका पानावर हे सगळं मोठ्या अक्षरात छापलं आहे. ते पान कापून भिंतीला लावलं तरी हरकत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता या पत्रकार महिलेच्या याचिकेवर निकाल दिला. तुरुंगांत जातीवरून कामं वाटून देणारे नियम रद्द केले, आणि विमुक्त जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदींवरही कोरडे ओढले. या जमातींतल्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. निकाल मराठीतून, वस्तीच्या बोलीतून, बारावीच्या मुलामुलींबरोबर वाचला तर काय होतं, याचा अनुभव पुस्तकात एका शिक्षकाने सांगितला आहे. मुलं तासभर भांडली. काहींना तो खोटा वाटला. एका मुलीने विचारलं, हे आपल्या चौकीत पोहोचलंय का? मनाला उभारी देणारं शिक्षण याहून वेगळं असतं असं मला वाटत नाही. आपल्यावरचा शिक्का दुसऱ्याने, अमुक साली, अमुक कायद्याने मारला आहे, हे कळलं की तो रक्तातून निघून कागदावर जातो. कागदाशी भांडता येतं.

पण कागदांचंही एक जंगल आहे. विमुक्त जातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा दाखवावा लागतो. पाल टाकून फिरणाऱ्याने १९६१ च्या आधीचा पत्ता कुठून आणायचा? कैकाडी माणूस विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत, सोलापुरात विमुक्त जातीत. फासेपारधी अनुसूचित जमातीत, राजपारधी विमुक्तांत. सख्ख्या चुलत भावांचे दाखले वेगळे निघालेले आहेत. दाखला, मग जात पडताळणी, मग नॉन-क्रिमिलेअर. केंद्राने फेब्रुवारी २०२२ मध्ये 'सीड' नावाची योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटींची, शिकवणी, आरोग्य विमा, घर, रोजगार यांसाठी. चांगली आहे; दाखला असेल त्याला. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके २००६ मध्ये विमुक्त-भटक्या जमातींसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००८ मध्ये त्यांनी अहवाल दिला. देशात या जमातींची संख्या ११ कोटींच्या आसपास असावी, असा अंदाज त्यात होता. पुढे इदाते आयोगही झाला. जातवार मोजणी इंग्रजांनी १९३१ मध्ये केली, त्यानंतर नीट झालीच नाही. आता २०२७ च्या जनगणनेत जात विचारली जाणार आहे, आणि विमुक्तांसाठी स्वतंत्र रकाना असावा अशी मागणी आहे. मानसिक आरोग्याच्या पुस्तकात जनगणनेचा रकाना कशाला, असं कुणाला वाटेल. तहसीलच्या खिडकीवर पाचव्यांदा 'उद्या या' ऐकून परतलेल्या मुलाबरोबर एसटीने एकदा प्रवास करावा, म्हणजे कळेल.

उमेद येते कुठून, याचीही थोडी उदाहरणं इथलीच आहेत. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, वडार समाजातले नागराज मंजुळे. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पारधी पोराची गोष्ट त्यांनी 'पिस्तुल्या'त सांगितली, त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांचा २०१३ चा चित्रपट 'फँड्री' कैकाडी घरातला. त्यातल्या जब्याने शेवटी भिरकावलेला दगड आपल्या अंगावर येतो, तेव्हा पांढरपेशा प्रेक्षक दचकतो. वस्तीतला पोरगा खुर्चीत ताठ बसतो. हा फरक मी थिएटरात पाहिला आहे. करमाळ्याचेच डॉ. किशोर शांताबाई काळे. बापाच्या जागी आईचं नाव लावून, डॉक्टर होऊन त्यांनी १९९४ मध्ये 'कोल्हाट्याचं पोर' लिहिलं. त्याआधी लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आलं होतं, लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' आलं होतं. दोन्हींना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ही पुस्तकं आश्रमशाळांच्या कपाटात कुलूपबंद असतात. कुलूप काढा, इतकीच विनंती. मात्र एक मंजुळे दाखवून बाकीच्या हजार पोरांना 'तुम्हीही व्हा' म्हणणं ही पुन्हा कोटवाल्या वक्त्याचीच पद्धत झाली. पोराला दहावीतला थोरला भाऊ दिसायला हवा, बारावी झालेली शेजारीण दिसायला हवी. मंजुळे फार लांब आहेत.

२०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी तेव्हाच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या नेतृत्वाखाली 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी हातभट्टीवर नुसत्या धाडी घालून काही होत नाही हे ओळखून अधिकाऱ्यांनी एकेक गाव दत्तक घेतलं, लोकांशी बोलणं सुरू केलं, दुसऱ्या रोजगाराची वाट काढायचा प्रयत्न केला. मला हा उपक्रम महत्त्वाचा वाटतो, कारण वर्दी धाड घालायलाच येते असं नाही, हे तांड्यावरच्या पोरांनी पहिल्यांदा पाहिलं. माझी शंका वेगळी आहे. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तांडा तिथेच असतो. चांगल्या साहेबावर टांगलेली उमेद साहेबाबरोबर जाते. ती ग्रामसभेत, शाळेत, वस्तीतल्या बचत गटात रुजवायची तर वेळ लागतो, आणि त्या वेळेचा फोटो निघत नाही.

घरातल्या गोष्टींबद्दलही बोललं पाहिजे, नाहीतर हे पुस्तक एकडोळ्याचं होईल. बाहेरच्या छळाने जमातीला एकत्र धरून ठेवलं, आणि त्या एकीची किंमत जातपंचायतीने वसूल केली. दंड, बहिष्कार, लग्नाचे निवाडे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. २०१८ च्या सुमाराला पुणे-पिंपरीकडच्या कंजारभाट तरुण-तरुणींनी लग्नातल्या कौमार्य परीक्षेविरुद्ध उघड बंड केलं तेव्हा त्यांना आपल्याच माणसांकडून मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागला. बाहेरच्याने शिव्या दिल्या तर घर आहे. घरानेच बाहेर काढलं तर कुठे जायचं? अशा मुलांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहीत असावा. त्यावर मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. पण फोन ठेवल्यावर त्या रात्री झोपायला छप्पर लागतं. ज्या गृहपालांनी नियम थोडे वाकवून असं छप्पर दिलं, त्यांची नावं पुस्तकात मुद्दाम घातलेली नाहीत.

भाषेबद्दल दोन शब्द. सोलापूरला तीन भाषा सहज बोलल्या जातात याचं आपल्याला कौतुक आहे: मराठी, कन्नड, तेलुगू. पारध्यांची गुजरातीच्या वळणाची बोली आणि कैकाड्यांची तमिळच्या जवळची बोली मात्र या कौतुकात बसत नाही. पहिलीत आलेल्या पोराला 'नीट बोल' असं सांगितलं जातं तेव्हा, तुझी आई नीट बोलत नाही, असाच अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतो. समुपदेशन त्याच्या बोलीत करणारा माणूस आज जवळपास मिळत नाही. वस्तीतलीच मुलं शिकून या कामात आली तर मिळेल. त्यासाठी लागणाऱ्या शिष्यवृत्तीची गोष्ट पुन्हा दाखल्यापाशी येऊन थांबते.

वाचणाऱ्यांनी पहिल्या पानापासूनच सुरुवात करावी असं नाही. शिक्षकांनी इतिहासाचं प्रकरण आधी घ्यावं, वकिलांनी ते सोडून अनुभवांकडे जावं, कायदा त्यांना माहीत आहे. मुलांशी बोलताना काय विचारू नये, याची यादी मला जरा लांबलेली वाटली. त्यातले निम्मे प्रश्न साध्या माणुसकीने टळतात. काही संवाद ध्वनिमुद्रणावरून जसेच्या तसे उतरवले आहेत, त्यांत शिव्या आहेत. संपादकांनी त्या काढल्या नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

मुलींचं प्रकरण अपुरं आहे, हे संपादकांनाही मान्य आहे. मुलांशी मैदानावर, टपरीवर, चौकीबाहेर बोलता आलं; मुली दहावीच्या आत लग्न होऊन किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जिल्ह्याबाहेर गेलेल्या होत्या, आणि ज्या घरी होत्या त्यांच्याशी बोलताना दारात सासू किंवा भाऊ उभा होता. जे थोडं हाती लागलं ते सात मुलींचं आहे, त्यातल्या तिघी भरतीची तयारी करणाऱ्या. त्यांनी विचारलेले प्रश्न मुलांच्या प्रश्नांसारखे नाहीत. झडतीच्या वेळी बाईपोलीस नव्हती तर काय करायचं, भाऊ आत असताना जामिनासाठी कुणापुढे जायचं आणि तो माणूस त्याबदल्यात काय मागतो, पाळी आल्यावर पालातून शाळेत कसं यायचं. दुसरी आवृत्ती निघालीच तर ती या प्रश्नांपासून सुरू व्हावी, आणि तिची प्रस्तावना त्या सातजणींपैकी कुणीतरी लिहावी.